केस कापण्याचा भाव आणि महागाईचा आकडा

दर महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास ग्राहक किंमत निर्देशांकाचा नवा आकडा जाहीर होतो आणि पुढचे दोन दिवस कांदा, टोमॅटो, डाळी आणि खाद्यतेल यांच्या भावांची चर्चा चालते. ही चर्चा रास्तच असते, कारण सामान्य कुटुंबाच्या खर्चात अन्नाचा वाटा सर्वांत मोठा असतो. मात्र चिपळूण, रत्नागिरी किंवा कुडाळ येथील एखाद्या कुटुंबाने महिन्याचा हिशेब वहीत उतरवला, तर त्यात अशा कितीतरी नोंदी सापडतील की ज्यांच्या बदल्यात घरात कोणतीही वस्तू आलेली नसते: एसटीचे भाडे, मोबाइलचे रिचार्ज, मुलीची शिकवणी, डॉक्टरांची फी, ब्लाउजची शिलाई, गिरणीतले दळण, दुचाकीची दुरुस्ती, केस कापणे. या सगळ्या सेवा आहेत. २०१२ हे आधारवर्ष (ज्या वर्षाच्या भावांशी पुढचे भाव ताडून पाहतात ते वर्ष) असलेल्या निर्देशांकात सेवांचा एकत्रित वाटा एक चतुर्थांशापेक्षा थोडाच कमी होता. तरीही सेवा किती महागल्या, याविषयी फारसे बोलले जात नाही.

याचे एक कारण मोजणीच्या स्वरूपातच आहे. ठरावीक प्रतीचा एक किलो तांदूळ गेल्या वर्षी जसा होता तसाच यंदाही असतो, त्यामुळे दोन वर्षांचे भाव शेजारी मांडले की महागाई दिसते. शिकवणी, एसटीचा प्रवास किंवा मोबाइलचा प्लॅन यांच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. किंमत विचारली की ती सांगितली जाते, त्यात काही अवघड नाही. ती किंमत नेमकी कशाची आहे आणि यंदा मिळालेली सेवा गेल्या वर्षीचीच आहे का, हे ठरवणे अवघड असते. सेवांच्या महागाईविषयीचे बहुतेक वाद याच एका प्रश्नापाशी येऊन थांबतात.

आधी निर्देशांकाची रचना पाहू. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय देशभरातील कुटुंबांची खर्चपाहणी करते आणि लोक कशावर किती खर्च करतात, हे त्यातून ठरवते. या प्रमाणांना भार म्हणतात. २०१२ च्या मालिकेत, म्हणजे ते आधारवर्ष धरून काढलेल्या निर्देशांकात, १०० रुपयांच्या खर्चापैकी ४५.८६ रुपये अन्न व पेये, १०.०७ रुपये घर, ८.५९ रुपये वाहतूक व दळणवळण, ५.८९ रुपये आरोग्य आणि ४.४६ रुपये शिक्षण अशी विभागणी होती. एकदा ठरलेले भार पुढची अनेक वर्षे तसेच ठेवून फक्त किमती बदलत्या घेतल्या जातात. ही पद्धत एकोणिसाव्या शतकातील जर्मन संख्याशास्त्रज्ञ लास्पेअर यांच्या नावाने ओळखली जाते. शाळा आणि शिकवण्यांची फी १० टक्क्यांनी वाढली आणि बाकी सारे स्थिर राहिले, तर एकूण निर्देशांक ढोबळमानाने ०.४५ टक्क्याने वाढेल. ज्या घरात दोन मुले रत्नागिरीत खोली घेऊन शिकत आहेत त्या घराला हा आकडा थट्टेसारखा वाटेल. परंतु हे भार देशातील सर्व कुटुंबांचे सरासरी भार आहेत, आणि त्या सरासरीत मुले नसलेली घरेही असतात.

आता कोणता खर्च मोजायचा, हे पाहू. निर्देशांक ग्राहकाचा आहे, त्यामुळे कुटुंबाने स्वतःच्या उपभोगासाठी केलेला खर्चच त्यात येतो. देवगडच्या बागायतदाराने हापूसच्या कलमांवर फवारणी करून घेण्यासाठी किंवा हंगामात राखणीसाठी ठेवलेल्या गड्यांना दिलेली मजुरी कितीही वाढली तरी ती येथे धरली जात नाही, कारण तो उत्पादनाचा खर्च आहे. ती वाढ झालीच तर आंब्याच्या भावातून, फिरून येते. त्याच घरात धुणीभांडी करणाऱ्या बाईंना दिलेला पगार मात्र ग्राहकाचा खर्च ठरतो. तारकर्लीच्या न्याहारी-निवास चालवणाऱ्या कुटुंबाने खोलीचे दर वाढवले, तर त्या कुटुंबासाठी ते उत्पन्न आहे आणि पुण्याहून आलेल्या पर्यटकासाठी ती महागाई आहे. कोकणातल्या अनेक घरांत एकाच अंगणात दोन्ही बाजू नांदतात, हे लक्षात ठेवले तर ‘पर्यटनामुळे सगळे महाग झाले’ या वाक्याची छाननी करणे सोपे जाते.

भाव गोळा करण्याचे काम दिसते त्यापेक्षा कडक शिस्तीचे असते. प्रत्येक सेवेचे वर्णन आधी ठरवून घ्यावे लागते. ‘केस कापणे’ एवढे लिहून भागत नाही. प्रौढ पुरुषाचे केस, साधे सलून, दाढी वा मसाज नाही, इतके स्पष्ट करावे लागते आणि दर वेळी त्याच दुकानातून तोच भाव घ्यावा लागतो. पुढे अशा अनेक नोंदींची सरासरी काढली जाते, आणि ती कशी काढायची यावरही निकाल बदलतो. समजा एका गावातील तीन सलूनपैकी एकाने दर १०० रुपयांवरून १२० रुपये केला आणि दोघांनी बदलला नाही. तीन गुणोत्तरांची साधी सरासरी घेतली तर वाढ ६.६७ टक्के येते. भूमितीय सरासरी, म्हणजे तिन्ही गुणोत्तरांच्या गुणाकाराचे घनमूळ, घेतली तर ६.२७ टक्के. २०१२ च्या मालिकेपासून भारतात भूमितीय सरासरी वापरली जाते, कारण एक दुकान महागले की काही गिऱ्हाइके शेजारच्या दुकानाकडे वळतात ही शक्यता तिच्यात अंशतः सामावली जाते. हा फरक क्षुल्लक वाटतो, पण अशा शेकडो सरासऱ्यांवर वरचे मजले उभे असतात.

खरी अडचण पुढे आहे. त्याच सलूनने वातानुकूलन यंत्र बसवले, खुर्च्या बदलल्या आणि ८० रुपयांचा दर १०० रुपये केला, तर महागाई २५ टक्के झाली का? संख्याशास्त्राचे उत्तर असे की वाढलेल्या २० रुपयांतून अधिक चांगल्या सेवेचे मोल वजा करायचे आणि उरेल तेवढीच महागाई धरायची. ते मोल १५ रुपये मानले तर शुद्ध भाववाढ ५ रुपयांची, म्हणजे सव्वासहा टक्के ठरते. हे १५ रुपये कुठून आणायचे? दोन दर एकाच महिन्यात शेजारी मिळाले, म्हणजे साधी खुर्ची ८० आणि वातानुकूलित खुर्ची ९५ असे फलक एकाच दुकानात लागलेले असले, तर बाजारानेच उत्तर दिलेले असते. तसे नसेल तर पाहणी करणाऱ्याला निर्णय करावा लागतो. गिऱ्हाइकाची बाजूही विचारात घेण्यासारखी आहे: ज्याला गार हवेची गरज नव्हती आणि जुने दुकानच उरले नाही, त्याच्या खिशातून २० रुपयेच गेले. निर्देशांक हा भावांचा मापक आहे, जगण्याच्या एकूण खर्चाचा नाही. या दोहोंतले अंतर सेवांच्या बाबतीत सर्वाधिक जाणवते.

वाहतुकीत हे अंतर आणखी रुंद होते. महाराष्ट्रात २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. दर अधिकृत आहे, सर्वांना ठाऊक आहे, म्हणजे मोजणीस सोपा असावा असे वाटते. महागाईचा दर मागील वर्षाच्या त्याच महिन्याशी तुलना करून काढतात. त्यामुळे ही वाढ फेब्रुवारी २०२५ पासून पुढील जवळजवळ बारा महिने वार्षिक दरात दिसत राहते आणि त्यानंतर गणितातून निघून जाते. तिकीट मात्र वाढलेलेच राहते. ‘महागाई कमी झाली म्हणता, मग भाडे कुठे कमी झाले’ हा एसटी स्थानकावर ऐकू येणारा सवाल त्यामुळे अडाणीपणाचा नसतो. प्रश्न विचारणारा भावाच्या पातळीविषयी बोलत असतो आणि बातमी भावाच्या वेगाविषयी.

त्यात सवलतींची भर पडते. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे लागू झाले. मग दापोलीहून खेडला जाण्याची किंमत कोणती? फलकावरची, महिलेची की आजोबांची? तत्त्व असे सांगते की प्रवाशाने प्रत्यक्ष दिलेली किंमत धरावी आणि वेगवेगळ्या प्रवाशांना त्यांच्या प्रमाणात वजन द्यावे. परंतु भाडेतक्त्यावर छापलेला आकडा नोंदवणे हाताशी असते, तर तिकिटांची विभागणी मिळवावी लागते. माझ्या मते सेवांच्या मोजणीत यापुढे सर्वाधिक लक्ष या ठिकाणी द्यायला हवे, कारण आता एकच दर सर्वांना लागू असलेल्या सेवा कमी होत चालल्या आहेत.

याहून टोकाचे उदाहरण २०२१-२२ मधील एसटी संपाचे आहे. तो पाच महिन्यांहून अधिक चालला. त्या काळात एसटीचे भाडे कागदावर होते तेवढेच होते, गाडीच नव्हती. वाडीतून तालुक्याला जाणारे लोक वडापने किंवा रिक्षाने जात होते आणि जास्त पैसे देत होते. निश्चित भारांच्या निर्देशांकात सेवा अशी अचानक नाहीशी झाली की तिची जागा भरण्यासाठी मागील भाव पुढे ओढावा लागतो किंवा तिच्यासारख्या सेवांच्या भावांवरून अंदाज करावा लागतो. पहिल्या पद्धतीत महागाई शून्य दिसते, दुसरीत काही प्रमाणात दिसते. प्रवाशाने एसटी सोडून रिक्षा धरली म्हणून झालेला जास्तीचा खर्च दोन्ही पद्धतींतून निसटतो, कारण तो एका सेवेच्या भावातील बदल नसून एका सेवेकडून दुसरीकडे जाण्याची सक्ती होती.

मोबाइलच्या बाबतीत किंमत आकड्यांच्या आड लपते. ३० दिवसांचा प्लॅन त्याच रकमेत २८ दिवसांचा झाला, तर छापील किंमत बदललेली नसते, पण दर दिवसाचा खर्च ३० भागिले २८ या हिशेबाने ७ टक्क्यांहून थोडा अधिक वाढतो आणि वर्षात बाराऐवजी तेरा रिचार्ज करावे लागतात. ही तक्रार इतकी वाढली की दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जानेवारी २०२२ मध्ये कंपन्यांना ३० दिवसांचा किमान एक प्लॅन देणे बंधनकारक केले. जुलै २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांनी उघडपणे दर वाढवले तेव्हा ती वाढ पकडणे सोपे होते. दिवस कमी करणे, रोजच्या डेटाची मर्यादा बदलणे, पूर्वी सोबत मिळणारी एखादी सुविधा काढून घेणे, अशा वाढी पकडण्यासाठी सेवेचे एकक नीट ठरलेले असावे लागते. आणि घाटाच्या पायथ्याच्या ज्या गावात रेंज मिळवण्यासाठी टेकडीवर जावे लागते, तेथे त्याच प्लॅनचे मोल किती, याचे उत्तर कोणत्याही भावतक्त्यात नाही.

कोकणापुरता पाहायचा तर सर्वांत चमत्कारिक परिणाम गणपतीचा आहे. गणेशचतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आली आणि २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठामुळे, १४ सप्टेंबरला आहे. चतुर्थीच्या आधीच्या दिवसांत चाकरमानी मुंबईहून गावी निघतात तेव्हा खाजगी बसचे भाडे चढते. राज्य सरकारने २०१८ मध्ये खाजगी बसचे भाडे एसटीच्या तत्सम गाडीच्या दीडपटीपेक्षा जास्त नसावे असा नियम केला. पण त्या मर्यादेच्या आत राहूनही भाडे बरेच वरखाली होऊ शकते. समजा साधा दर ८०० रुपये आणि गणपतीचा दर १,२०० रुपये असून दोन्ही वर्षांत यात काडीचाही बदल झाला नाही. तरी ऑगस्ट २०२५ ची तुलना ऑगस्ट २०२४ शी केली की ५० टक्के महागाई दिसेल, आणि सप्टेंबरची सप्टेंबरशी केली की ३३ टक्के स्वस्ताई दिसेल. दोन्ही आकडे खोटे नाहीत आणि दोन्हींचा महागाईशी संबंध नाही. सण पंचांगाने चालतो आणि निर्देशांक इंग्रजी महिन्यांनी चालतो, एवढेच त्यातून दिसते. देशपातळीवर हा परिणाम दिसणारही नाही इतका लहान असतो. परंतु दिवाळी कधी ऑक्टोबरात तर कधी नोव्हेंबरात येते तेव्हा विमानभाडे आणि हॉटेलचे दर यांच्या बाबतीत हेच गणित मोठ्या प्रमाणात घडते. म्हणून अशा दोन महिन्यांची सरासरी एकत्र पाहणे शहाणपणाचे असते.

मासळीच्या थाळीचा प्रश्न निराळा आहे. खानावळीतील थाळी ही वस्तू की सेवा? तिच्या किमतीत सुरमई आहे, नारळ आहे, गॅस आहे, स्वयंपाक करणाऱ्या बाईंची मजुरी आहे आणि जागेचे भाडेही आहे. २०१२ च्या मालिकेत बाहेरचे तयार जेवण आणि फराळ यांना ५.५५ एवढा भार होता आणि तो अन्न या गटात मोजला जात असे, त्यामुळे ‘अन्नधान्य महागले’ या बातमीत खानावळीच्या कामगारांची मजुरीही मिसळलेली असे. फेब्रुवारी २०२६ मध्ये आलेल्या नव्या मालिकेत ग्राहक खर्चाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या २०१८ च्या आवृत्तीनुसार उपाहारगृहे आणि निवास यांचा स्वतंत्र विभाग केला आहे, हे चांगले झाले. थाळीची आणखी एक गंमत अशी की महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. जुलैत मालवणच्या खानावळीत सुरमई थाळी मिळाली नाही तर भाव नोंदवायचा कोणाचा, बांगड्याच्या थाळीचा की अंडाकरीच्या? शिस्त असे सांगते की हंगामी वस्तू नसेल तेव्हा दुसरीच वस्तू तिच्या नावावर टाकू नये. शेजारच्या इतर थाळ्यांचे भाव ज्या प्रमाणात हलले, त्या प्रमाणात हिचा भाव हलवून ठेवावा आणि ऑगस्टमध्ये खरा भाव मिळाला की हिशेब दुरुस्त करावा.

सेवांमध्ये सर्वांत मोठा भार घरभाड्याचा असतो, आणि कोकणाचे या मोजणीशी असलेले नाते सर्वांत विचित्र आहे. २०१२ च्या मालिकेत शहरी निर्देशांकात घराचा भार २१.६७ होता आणि ग्रामीण निर्देशांकात घर हा गटच नव्हता. खेड्यात भाड्याने घेतलेली घरे फार थोडी, म्हणून तो वगळला होता. शहरातही बरीच कुटुंबे स्वतःच्या घरात राहतात आणि कोणालाही भाडे देत नाहीत. तरी त्यांना घराची सेवा मिळत असतेच. म्हणून तशाच घराला बाजारात जे भाडे पडले असते ते त्यांनी स्वतःलाच दिले असे मानून भारात ती रक्कम धरली जाते. भाव मात्र खरोखर भाड्याने दिलेल्या घरांवरूनच घ्यावे लागतात. म्हणजे थोड्या भाडेकरूंचा भाव पुष्कळ घरमालकांच्या वतीने बोलतो.

नव्या मालिकेत ग्रामीण घरभाडेही आले आहे. तत्त्वतः ते योग्य आहे, पण कोकणातील वाडीत त्याचा अर्थ काय होतो ते पाहा. गुहागर किंवा राजापूर तालुक्यातील एखाद्या गावात भाड्याने खोली घेणारे कोण असतात? बदलून आलेले शिक्षक, बँकेतील कर्मचारी, आरोग्य केंद्रातील परिचारिका. त्यांच्या एक-दोन खोल्यांच्या भाड्यावरून चौसोपी जुन्या घराच्या सेवेचे मोल काढणे म्हणजे होडीच्या भाड्यावरून गलबताचा भाव सांगण्यासारखे आहे. त्यात कोकणात असंख्य घरे वर्षातले अकरा महिने कुलूपबंद असतात आणि गणपती, शिमगा, मे महिना एवढ्यापुरती उघडतात. भाड्याने दिली तर ती मिळू शकतील, पण कोणी देत नाही. बाजारच नसलेल्या ठिकाणी बाजारभाव शोधायचा, असा हा प्रकार आहे, आणि भाडेकरू कमी तितकी मोजणी डळमळीत, हे मान्य करूनच तो आकडा वाचावा लागतो.

घरभाड्याने संपूर्ण देशाचा आकडा कसा हलू शकतो, हे २०१७ मध्ये दिसले. सातव्या वेतन आयोगाचे भत्ते १ जुलै २०१७ पासून लागू झाले आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांचा घरभाडे भत्ता वाढला. जुन्या मालिकेच्या नमुन्यात सरकारी निवासस्थानेही होती, आणि त्यांचे भाडे म्हणून कर्मचाऱ्याने भरलेले परवाना शुल्क व सरकारी घर असल्यामुळे त्याला न मिळालेला घरभाडे भत्ता यांची बेरीज धरली जात असे. भत्ता वाढताच त्या घरांचे ‘भाडे’ वाढले, जरी कोणत्याही भाडेकरूने घरमालकाला एक रुपयाही जास्त दिला नव्हता. रिझर्व्ह बँकेला तेव्हा हा परिणाम वगळून महागाई वेगळी सांगावी लागली. घरभाड्याच्या मोजणीतून सरकारी व मालकाने दिलेली निवासस्थाने वगळण्याचे पाऊल त्यानंतरच्या सुधारणेत उचलले गेले, ते याच अनुभवाला धरून आहे.

किंमत शून्य झाली तर काय होते, हाही विचार करण्याजोगा मुद्दा आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रातील सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत उपचार मोफत झाले. भूमितीय सरासरीत एक जरी आकडा शून्य आला तरी सगळा गुणाकार शून्य होतो, त्यामुळे मोफत सेवा त्या सरासरीत घालताच येत नाही. ती बाहेर ठेवावी लागते. परिणामी आरोग्याच्या निर्देशांकात उरतात ते खाजगी दवाखाने, औषधे आणि तपासण्या. कणकवलीच्या उपजिल्हा रुग्णालयात जाणाऱ्या कुटुंबाचा खर्च खाली आलेला असतो आणि निर्देशांक वर जात असतो. निर्देशांक खिशातून गेलेल्या पैशाचा आहे, एवढीच त्याची बाजू आहे.

करांचेही तसेच. ग्राहक किंमत म्हणजे करासह किंमत. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या हॉटेलच्या खोलीवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्के झाला आणि सलून, सौंदर्यसेवा यांवरचा १८ वरून ५ टक्के. शहरातील साखळी सलूनमध्ये यातून भाव घसरणे अपेक्षित आहे. वर्षाला २० लाख रुपयांपेक्षा कमी उलाढाल असलेल्या सेवा व्यावसायिकाला मात्र हा कर लागूच नसतो, आणि तालुक्याच्या गावातील बहुतेक सलून त्या मर्यादेच्या कितीतरी खाली असतात; त्यामुळे कर कमी झाला तरी तेथे १०० रुपयांचे केस १०० रुपयांनाच कापले जातात. कररचनेवरून सेवांच्या स्वस्ताईचा अंदाज करणाऱ्यांनी हा तपशील विसरू नये.

सेवा वस्तूंपेक्षा चिवटपणे का महागतात, याचे एक स्पष्टीकरण अमेरिकी अर्थतज्ज्ञ विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६० च्या दशकात रंगमंचीय कलांचा अभ्यास करताना मांडले. कारखान्यात यंत्रामुळे एका माणसाचे उत्पादन वाढते आणि मजुरीही वाढते. नाटकाला मात्र पूर्वी जितकी माणसे आणि जितका वेळ लागत असे तितकाच आजही लागतो. सिंधुदुर्गातील दशावतार याचा चोख दाखला आहे. संकासुर, राजा, राक्षस, स्त्रीपार्टी, पेटीवाला, पखवाजवाला यांतील कोणालाही कमी करता येत नाही आणि आख्यानही निम्म्या वेळात आटोपता येत नाही. पण गोव्यात किंवा मुंबईत काम करणाऱ्याची रोजी वाढली, की कलाकाराची बिदागीही वाढवावी लागते, नाहीतर तो तिकडे जातो. केस कापणे, शिकवणी, बाळंतिणीची मालीश, भटजींची पूजा या सगळ्यांना हेच लागू पडते. (दशावतार स्वतः निर्देशांकात सापडणार नाही, देवस्थान किंवा मंडळ पैसे देते आणि प्रेक्षक फुकट पाहतो. भटजींची दक्षिणा मात्र खर्चपाहणीत स्वतंत्र नोंद म्हणून विचारली जाते. तिचा ‘भाव’ कसा ठरवायचा, हे यजमानांनाही सांगता येणार नाही.)

भाव असे सावकाश पण एकाच दिशेने चालत असल्यामुळे रिझर्व्ह बँकेचे सेवांकडे बारीक लक्ष असते. महागाईचे ४ टक्क्यांचे लक्ष्य याच एकत्रित निर्देशांकावर ठरवलेले आहे. भाजी एका पावसाने महागते आणि पुढच्या आवकेने उतरते, पण एकदा वाढलेली फी किंवा भाडे सहसा खाली येत नाही. त्यामुळे अन्न आणि इंधन वगळून काढलेल्या मूळ महागाईत सेवांचे वजन मोठे असते. फीची वाढ जूनमध्ये एकदम होते आणि उरलेले महिने रेषा सपाट दिसते, हेही ध्यानात ठेवावे. जुलैत शिक्षण ‘अचानक’ महागल्याची बातमी दरवर्षी त्यामुळे येऊ शकते.

फेब्रुवारी २०२६ मध्ये आलेल्या मालिकेचे आधारवर्ष २०२४ असून तिचे भार ऑगस्ट २०२३ ते जुलै २०२४ या काळातील खर्चपाहणीवरून घेतले आहेत. त्या पाहणीत ग्रामीण भारतात दरडोई मासिक खर्च ४,१२२ रुपये आणि त्यातील अन्नाचा वाटा ४७ टक्के आढळला होता. नव्या निर्देशांकात अन्नाचा एकत्रित भार ४५.८६ वरून ३६.७५ वर आला, एकूण बाबी २९९ वरून ३५८ झाल्या आणि त्यांतील सेवा ४० वरून ५०. दहा सेवांची वाढ थोडी वाटते, पण अन्नाचा भार जितका उतरला (त्यात बाहेरचे जेवण वेगळ्या विभागात गेल्याचाही वाटा आहे) तितकी जागा उपाहारगृहे, घर, वाहतूक, दळणवळण यांसारख्या इतर विभागांना मिळते, त्यामुळे सेवांची मोजणी चुकली तर त्याची किंमत आता पूर्वीपेक्षा मोठी असेल.

रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग जिल्ह्याचा स्वतंत्र निर्देशांक काढला जात नाही. आकडे देशाचे आणि राज्यांचे मिळतात, ग्रामीण व शहरी असे वेगळे. खर्चपाहणीच्या प्रादेशिक विभागणीत किनारी महाराष्ट्र हा एक विभाग आहे खरा, पण त्यात सिंधुदुर्गाबरोबर मुंबईही येते, आणि मुंबईच्या शेजारी बसवलेल्या कोणत्याही सरासरीत दोडामार्गचा आवाज ऐकू येणे कठीण. त्यामुळे कोकणातील वाचकाने महाराष्ट्राचा ग्रामीण आकडा घ्यावा, त्यात वाहतूक, आरोग्य, शिक्षण, उपाहारगृहे व निवास हे विभाग वेगळे काढून पाहावेत, ऑगस्ट-सप्टेंबर एकत्र वाचावेत, आणि ग्रामीण घरभाड्याच्या आकड्यावर, निदान पहिली काही वर्षे, फार मोठी अनुमाने उभी करू नयेत.